चढणीची सायकल : पुढे चक्र एक की तीन?

भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा टांगला की समुद्राकाठची कोकणपट्टी हिरव्या रंगात दिसते. हिरवा रंग म्हणजे सखल प्रदेश, असे शाळेत शिकवतात, आणि ते खरेही आहे. पण सखल म्हणजे सपाट नव्हे. रत्नागिरी जिल्ह्यात ज्याने एकदा सायकल हाणली आहे त्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. त्याच्या मांड्यांना तो ठाऊक असतो.

आपल्या जिल्ह्याची ठेवण कशी आहे बघा. सह्याद्रीतून निघालेल्या शास्त्री, काजळी, मुचकुंदी या नद्या पश्चिमेकडे धावतात आणि जयगड, भाट्ये, पूर्णगड येथे खाड्या होऊन समुद्राला मिळतात. दोन नद्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचे पठार असते. त्याला आपण सडा म्हणतो. हा सडा काही ठिकाणी समुद्रसपाटीपासून शंभर मीटर, तर काही ठिकाणी त्याहूनही उंच. वाडी खाली, पाण्याजवळ. शाळा, बाजार किंवा एस.टी.चा थांबा पुष्कळदा वर, सड्यावर. त्यामुळे कुठेही जायचे म्हटले की आधी चढायचे, मग थोडी सपाटी, मग उतरायचे, साकव ओलांडायचा आणि पुन्हा चढायचे. भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे निघालात तर गोळपचा सडा चढावाच लागतो. आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला निघालात तर समुद्र पाहून डोळे निवतात, पण चढ पाहून छाती भरून येते. आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट हे मोठे घाट झाले. आपला रोजचा घाट हा दोनशे-तीनशे मीटर लांबीचा, आखूड आणि उभा असतो.

अशा मुलखात सायकल घ्यायची तर कोणती घ्यावी, हा प्रश्न आज घरोघर निघतो. आंब्याचा हंगाम उरकला, चार पैसे हाती आले, मुलगी आठवीत गेली, शाळा चार किलोमीटर दूर. शहरातल्या दुकानात रंगीत, जाड टायरांच्या सायकली ओळीने उभ्या असतात. कुणावर ‘२१ गियर’ लिहिलेले, कुणावर ‘२४ गियर’, आणि एखादीवर नुसते ‘९’ किंवा ‘१०’. किंमत मात्र त्या नऊ-दहा गियरवालीची जास्त! बाप गोंधळतो. एकवीस गियर स्वस्त आणि नऊ गियर महाग, हा हिशोब कुठला? मग तो एकवीसवाली घेतो. एक पावसाळा जातो. पुढचे गियर अडकू लागतात, चेन पडू लागते, आणि दिवाळीला ती सायकल पडवीत गंज खात उभी असते. मुलगी पुन्हा पायी. हे पैसे वाया जाऊ नयेत, एवढ्यासाठी आज गियरचे गणित थोडे सोडवून पाहू. गणित सातवी-आठवीच्या पलीकडचे नाही. गुणोत्तर आणि गुणाकार, बस्स.

आधी शब्द ठरवून घेऊ. पायडल जिथे फिरते तिथले पुढचे दातेरी चक्र म्हणजे चेनव्हील. मागच्या चाकाच्या मधोमध असतात त्या दातेरी चकत्या. साध्या सायकलीला तिथे एकच चकती असते, तिला आपण फ्रीव्हील म्हणतो. गियरच्या सायकलीला लहानापासून मोठ्यापर्यंत चकत्यांचा ढीग असतो. पुढे तीन चक्रे आणि मागे सात चकत्या, म्हणजे तीन साते एकवीस गियर. पुढे एकच चक्र आणि मागे नऊ चकत्या, म्हणजे नऊ गियर. दुकानातला आकडा येतो तो असा.

आता मुख्य गोष्ट. पुढच्या चक्राच्या दात्यांना मागच्या चकतीच्या दात्यांनी भागले की पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती वेळा फिरते ते कळते. आपली जुनी काळी सायकल घ्या, ज्यावर दूधवाले आणि पोस्टमन हिंडले ती. तिला साधारणपणे पुढे ४४ दाते आणि मागे १८ दाते असतात. ४४ भागिले १८ म्हणजे सुमारे २.४४. तिच्या चाकाचा घेर साधारण २.२ मीटर. म्हणजे पायडल एकदा पुरते फिरवले की सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. या अंतराला आपण ‘एका फेऱ्याची धाव’ म्हणू. सगळा गियरचा विषय या एका आकड्यात येतो. धाव मोठी असली तर सपाटीवर वेग मिळतो, पण चढावर पायांवर ओझे पडते. धाव लहान असली तर पाय हलके चालतात, पण पल्ला कमी पडतो.

हे नवे नाही. घरामागच्या पाखाडीने सरळ वर चढलात तर पावले कमी पडतात, पण दम लागतो. तीच उंची गाडीरस्त्याने वळणे घेत चढलात तर चालणे वाढते, पण दम लागत नाही. उंची दोन्हीकडे तेवढीच आणि एकूण श्रमही जवळजवळ तेवढेच. फक्त ते थोड्या पावलांत करायचे की पुष्कळ पावलांत, एवढाच फरक. हलका गियर म्हणजे तो वळणाचा रस्ता आपण सायकलीबरोबर घेऊन हिंडतो.

तर आता चढावर किती धाव हवी? पासष्ट किलोचा माणूस, पंधरा किलोची सायकल, एकूण ८० किलो. रस्ता दहा टक्के चढाचा, म्हणजे दहा मीटर गेल्यावर एक मीटर वर चढणारा. अशा चढावर गुरुत्वाकर्षण एकूण वजनाच्या एक दशांशाने, म्हणजे ८ किलोच्या जोराने, मागे खेचते. रस्त्याचे आणि टायरचे घर्षण धरून ९ किलो म्हणू. सवय असलेला, पण पैलवान नसलेला माणूस बराच वेळ १२० वॅटच्या आसपास शक्ती देऊ शकतो. या हिशोबाने त्याचा वेग येतो सेकंदाला १.३६ मीटर, म्हणजे ताशी पाच किलोमीटरला थोडा कमी.

हा वेग राखत जुनी काळी सायकल चढवायची तर काय होते? एका फेऱ्याची धाव ५.४ मीटर, म्हणून पायडल मिनिटाला फक्त पंधरा फेरे फिरणार. एका फेऱ्याला चार सेकंद! आणि जोर किती लागणार? क्रँकची लांबी १७ सेंटिमीटर धरली तर पायडलवर पूर्ण फेराभर सरासरी ४५ किलोचा जोर हवा. पण पाय काही फेराभर सारखा जोर देत नाही. पायडल वर-खाली असताना जोर लागतच नाही, आडवे असताना सगळा लागतो. म्हणजे त्या क्षणी सत्तर किलोच्या घरात जोर द्यावा लागतो. माणसाचे वजन पासष्ट! स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जोर पायडलवर द्यायचा तर हँडल उपटून धरावे लागते, आणि तेही एक-दोन फेरेच जमते. म्हणून काळ्या सायकलीवाला घाटी दिसली की निमूट खाली उतरतो. त्यात त्याच्या ताकदीची कसूर नाही. भागाकारच त्याच्या विरुद्ध आहे.

पाय न दुखता, गुडघ्याला कळ न लागता चालवायचे तर पायडल मिनिटाला साठ-सत्तर फेरे फिरावे. साठ फेरे म्हणजे सेकंदाला एक. वेग सेकंदाला १.३६ मीटर, तर धावही १.३६ मीटर हवी. कुठे ५.४ आणि कुठे १.३६! चारपट हलका गियर लागतो. हा आपल्या घाटीचा आकडा. तो लक्षात ठेवा, कारण सायकल निवडताना हाच आकडा विचारायचा आहे. गियर किती, हा प्रश्न नंतरचा.

पाश्चात्त्य देशांतही ही अडचण होती. फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीत, म्हणजे तूर द फ्रांसमध्ये, डोंगर आला की स्वार खाली उतरून मागचे चाक काढीत आणि उलटे बसवीत, कारण चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या चकत्या असत. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारे डेरेलर या शर्यतीत १९३७ साली चालू दिले गेले. आपल्याकडे मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांच्या आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरवतात. घाट चढणे ही सायकलीची खरी परीक्षा, हे यात मानलेलेच आहे.

डोंगरात, कच्च्या वाटांवर चालवायच्या जाड टायरांच्या सायकली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या टेकड्यांवर १९७० नंतरच्या दशकात तयार होऊ लागल्या. १९८१ साली अशी सायकल कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडली. तिला पुढे तीन चक्रे आणि मागे पाच चकत्या, असे पंधरा गियर होते. त्या काळी मागची चकती फार मोठी करता येत नसे. मोठी केली तर डेरेलरला चेन चढवता येईना. म्हणून हलका गियर मिळवायला पुढचे चक्र लहान करावे लागे, आणि सपाटीसाठी मोठेही ठेवावे लागे. तीन चक्रांचा जन्म या अडचणीतून झाला. पुढे मागच्या चकत्या सहा, सात, आठ, नऊ, दहा अशा वाढत गेल्या. २०१२ साली पुढे एकच चक्र आणि मागे १० ते ४२ दात्यांच्या अकरा चकत्या असा संच बाजारात आला. २०१६ साली १० ते ५० दात्यांच्या बारा चकत्या आल्या, आणि २०१८ साली ५१ दात्यांपर्यंत मजल गेली. जेवणाच्या ताटलीएवढी चकती मागच्या चाकावर बसू लागल्यावर पुढच्या तीन चक्रांचे काम उरले नाही.

आता कुणी गुरुजी विचारतील, ‘अहो, पण चोवीस गियर टाकून बारा घ्यायचे, म्हणजे निम्मे गमावलेच ना?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर फळ्यावर मांडून बघा. पुढे ४२, ३२ आणि २२ दात्यांची चक्रे. मागे ११, १३, १५, १७, २०, २३, २६ आणि ३४ अशा आठ चकत्या. चोवीस भागाकार मुलांकडून करून घ्या. ४२ भागिले १७ येतात २.४७, आणि ३२ भागिले १३ येतात २.४६. ४२ भागिले ३४ येतात १.२४, तर ३२ भागिले २६ येतात १.२३. म्हणजे नावाला दोन गियर, कामाला एकच! असे जुळे पुष्कळ निघतात. शिवाय पुढचे सर्वांत मोठे चक्र आणि मागची सर्वांत मोठी चकती ही जोडी चेन तिरकी ओढते, म्हणून ती वापरू नये असे जाणते मिस्त्री सांगतात. खरोखर वेगळे आणि वापरण्याजोगे गियर शेवटी बारा-चौदाच राहतात.

पल्ला मात्र पाहिला पाहिजे. याच तीन चक्रांच्या सायकलीला २९ इंची चाक असेल, तर त्याचा घेर सुमारे २.३ मीटर. सर्वांत हलकी धाव २२ भागिले ३४ गुणिले २.३, म्हणजे १.४९ मीटर. सर्वांत जड ८.७८ मीटर. आता पुढे ३० दात्यांचे एकच चक्र आणि मागे १० ते ५१ घ्या. सर्वांत हलकी धाव १.३५ मीटर, सर्वांत जड ६.९ मीटर. आपला घाटीचा आकडा होता १.३६. म्हणजे चढाकडे एका चक्राची सायकल किंचित सरसच ठरली. कमी पडली ती वेगाकडे. पण तिथे किती लागते? ६.९ मीटरची धाव, मिनिटाला ऐंशी फेरे, म्हणजे ताशी ३३ किलोमीटर. आपल्या रस्त्यांवर त्याहून जास्त वेग उतारावरच येतो, आणि उतारावर पायडल मारायचे नसते, ब्रेकवर बोटे ठेवायची असतात.

एका चक्राचा खरा फायदा आकड्यांत दिसत नाही. तो आपल्या रस्त्याच्या आकारात आहे. घाटमाथ्यावर, देशावर, चढ लांबून दिसतो आणि सावकाश येतो. पुढचे चक्र बदलायला सवड मिळते. मोठे घाटरस्तेसुद्धा इंजिनियरांनी आखलेले असतात. डोंगरी रस्त्याचा चढ साधारणपणे वीस मीटरला एक मीटर, म्हणजे पाच टक्के असावा, असा आपल्या रस्ते-बांधणीचा दंडक आहे. वाडीच्या रस्त्याला असला दंडक कोण लावतो? साकव ओलांडला, वळण घेतले, की समोर भिंतीसारखा चढ उभा. त्या क्षणी तीन चक्रांच्या सायकलीवर डाव्या हाताने पुढचे चक्र बदलायचे, उजव्या हाताने मागची चकती सावरायची आणि पायांवर पूर्ण जोर असताना चेन मोठ्या चक्रावरून लहान चक्रावर पडायची. पुष्कळदा ती लहान चक्रावर न पडता त्याच्याही आत, सांगाड्याच्या बाजूला पडते आणि तिथेच अडकते. चढाच्या पायथ्याशीच स्वार खाली! एका चक्राच्या सायकलीला डाव्या हाताचे कामच नाही. उजव्या अंगठ्याने एकेक पायरी हलके होत जायचे. लहान मुलालाही हे पहिल्या दिवशी जमते.

दुसरा फायदा पावसाळ्याचा. जांभ्याची लाल माती म्हणजे लोहयुक्त रेव. ती तेलात मिसळली की पॉलिश पेपरासारखी घासते. पुढचे डेरेलर, त्याची तार आणि तिचे आवरण हे सगळे चाकाने उडवलेल्या चिखलाच्या वाटेत असते. त्यात समुद्राचा खारा वारा. सप्टेंबरपर्यंत तार गंजून आवरणात रुतून बसते. जो भागच नाही तो गंजणारही नाही, हे साधे शहाणपण एका चक्रात आहे.

मग चेन पडत कशी नाही? याची युक्ती पाहण्यासारखी आहे. चेनच्या कड्या एकाआड एक अरुंद आणि रुंद असतात. एका चक्राच्या सायकलीत पुढच्या चक्राचे दातेही तसेच एकाआड एक जाड आणि बारीक केलेले असतात. जाड दाता रुंद कडीत, बारीक दाता अरुंद कडीत, अशी घट्ट जोडी बसते. मुलांना एक कोडे घाला : अशा चक्राला ३०, ३२, ३४ असेच दाते असतात, ३१ किंवा ३३ का नसतात? विचार करू द्या. दाते विषम झाले तर दुसऱ्या फेऱ्याला जाड दाता अरुंद कडीत येईल आणि जोडी जुळणारच नाही, हे एखादी चुणचुणीत मुलगी बरोबर सांगेल. याखेरीज चांगल्या मागच्या डेरेलरमध्ये चेन ताणून धरणारा क्लच असतो. कातळावरून उतरताना चेन फडफडत नाही ती त्यामुळे.

पण एका चक्राचे गुण गायचे आणि दोष झाकायचे, हे बरे नव्हे. पहिला दोष किंमत. मागचा मोठ्या चकत्यांचा संच महाग असतो आणि झिजला की तो बदलायचा खर्चही जास्त. दुसरा दोष पायऱ्यांचा. थोड्या चकत्यांत मोठा पल्ला बसवल्यामुळे एका गियरवरून दुसऱ्यावर जाताना पायांच्या वेगात सुमारे सहाव्या हिश्शाचा फरक पडतो. लांब सपाट रस्त्यावर तासन्‌तास एकाच लयीत जाणाऱ्याला तो खटकतो. म्हणूनच सडकेवरच्या शर्यतीच्या सायकलींना पुष्कळदा पुढे दोन चक्रे असतात. आखूड चढ-उतारांवर तो जाणवत नाही. तिसरा दोष असा की मोठ्या चकतीसाठी मागच्या डेरेलरचा दांडा लांब करावा लागतो. तो खाली लोंबतो आणि वाटेतल्या चिऱ्याला आपटून वाकतो. चौथा दोष : सर्वांत मोठ्या चकतीवर चेन तिरकी चालते, आणि चढावर तीच चकती आपण जास्त वापरतो. तिथे झीज लवकर होते. आणि पाचवा, खेड्यात महत्त्वाचा, दोष असा की बारा चकत्यांचा संच फार नाजूक जुळवणीचा असतो. डेरेलर जरा वाकले की गियर नीट लागत नाहीत, आणि गावच्या सायकल दुकानात त्याची हत्यारे नसतात.

म्हणून माझे मत असे : आपल्याकडे एक चक्र जरूर घ्यावे, पण मागे बाराच हव्यात असा हट्ट नसावा. नऊ किंवा दहा चकत्या पुरतात. त्यांची चेन थोडी रुंद असते, थोडी उणीअधिक जुळणी खपते आणि किंमतही आवाक्यात राहते. शाळकरी मुलासाठी २६ इंची चाकाची सायकल असेल, तर पुढे ३० दाते आणि मागे ११ ते ४२ दात्यांच्या नऊ चकत्या चांगल्या. त्या चाकाचा घेर सुमारे २.०७ मीटर, म्हणून हलकी धाव १.४८ मीटर आणि जड धाव ५.६५ मीटर येते. मूल वजनाने हलके, त्यामुळे चढही त्याला कमी मागे खेचतो. मोठ्या माणसाने २९ इंची चाक घेतले तर पुढे ३० किंवा ३२ दाते असावेत. ३४ दात्यांच्या चक्राचा मोह टाळावा. चक्राचे दाते ठरवताना सपाटी डोळ्यांपुढे आणू नका. रोजच्या वाटेवरचा सर्वांत वाईट चढ डोळ्यांपुढे आणा.

तो चढ मोजायचा कसा? शाळेत सहज जमेल. एक मीटर लांबीची सरळ पट्टी आणि पाणी भरून बूच लावलेली लहान चपटी बाटली घ्या. बाटलीत हवेचा एक बुडबुडा राहू द्या. पट्टीचे वरचे टोक रस्त्यावर टेकवा, बाटली पट्टीवर आडवी ठेवा आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत खालचे टोक उचला. खालच्या टोकापासून रस्त्यापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. दहा सेंटिमीटर आले तर चढ दहा टक्के. प्रत्येक मुलाने आपल्या घरापासून शाळेपर्यंतचे चढ मोजले, की गावाचा एक नवाच नकाशा तयार होतो, आणि गुणोत्तर, टक्केवारी, भूगोल हे तिन्ही विषय एका फेरीत शिकून होतात. चढ पंधरा टक्क्यांच्या पुढे निघाला तर मात्र खाली उतरून सायकल ढकलणे हेच शहाणपण. तिथे आपला वेग ताशी साडेतीन किलोमीटरवर येतो आणि तेवढ्या वेगात सायकलीचा तोल राहत नाही. त्यात लाज कसली?

आता ज्यांच्या घरी एकवीस गियरची सायकल आधीच आहे, त्यांनी काय करावे? घाईने पुढची दोन चक्रे काढून टाकू नयेत. अशा सायकलींना पुष्कळदा पुढे ४२, ३४, २४ आणि मागे १४ ते २८ दाते असतात. २६ इंची चाकावर तिची हलकी धाव १.७७ मीटर येते. पुढचे एकच मधले चक्र ठेवले तर ती सव्वादोन मीटरच्याही वर जाते. म्हणजे एक चक्र झाले, पण चढ जड झाला. एक चक्र शोभते ते मागे मोठी चकती असेल तेव्हाच. त्यापेक्षा मागचे फ्रीव्हील काढून १४ ते ३४ दात्यांचे बसवावे. हलकी धाव १.४६ मीटरवर येते, आणि खर्च नव्या सायकलीच्या मानाने किरकोळ. डेरेलर ३४ दाते पेलणारे आहे का, आणि चेन पुरते का, एवढे मिस्त्रीला विचारून घ्यावे. मागचा संच आट्यांवर फिरवून बसवलेला आहे की खाचांवर सरकवलेला आहे, हेही त्याला पाहू द्यावे. स्वस्त सायकलींत तो बहुधा आट्यांवर असतो, आणि नऊ-दहा चकत्यांचे संच बहुधा खाचांवर बसतात. तिथे नुसता संच आणून भागत नाही, मागचे हबही बदलावे लागते.

आणि बिनगियरची सायकल? मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या ठरावीक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. अशा मुलींच्या सायकली बहुधा साध्याच असतात. मागे १८ दात्यांच्या जागी २२ दात्यांचे फ्रीव्हील लावले की धाव साडेचार मीटरच्या आत येते. उभी घाटी तरीही चढता येणार नाही, पण पाच टक्क्यांचा सौम्य चढ, जिथे पूर्वी उतरावे लागे, तो बसून पार होण्याची शक्यता वाढते. रोजच्या वाटेत एखादे उतरणे वाचले, तरी दप्तर घेऊन धापा टाकत शाळेत पोचणाऱ्या मुलीला ते पुष्कळ आहे. शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून गावच्या मिस्त्रीकडून हे करून घेता येईल.

शेवटी निगा. पावसात चालवून आल्यावर चेनवर बादलीने पाणी ओतावे, फडक्याने कोरडी पुसावी आणि प्रत्येक कडीच्या आत थेंब-थेंब सायकलीचे तेल सोडावे. थोड्या वेळाने वरचे जादा तेल पुसून टाकावे. नाहीतर त्यावर माती बसते. खाण्याचे तेल घालू नये, ते चिकट होते. गाडीतून काढलेले काळे ऑईलही नको, त्यात धातूची कीस असते. आणि महिन्यातून एकदा शाळेची फूटपट्टी चेनवर धरावी. चेनच्या एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंत अर्धा इंच, म्हणजे चोवीस कड्यांना बरोबर बारा इंच. झिजलेली चेन लांबते. बारा इंचांवर एक सोळांश इंच जास्त भरले की चेन बदलावी. एक अष्टमांश इंचापर्यंत थांबलात तर ती चेन मागच्या महाग चकत्याही खाऊन टाकते. चेनचा खर्च वाचवायला जाऊन सगळा संच गमावण्याचा हा प्रकार आहे.

तेव्हा दुकानात गेल्यावर गियर किती, हे आधी विचारू नका. पुढे सर्वांत लहान चक्र किती दात्यांचे, मागे सर्वांत मोठी चकती किती दात्यांची आणि चाक केवढे, हे तीन आकडे विचारा. पहिल्याला दुसऱ्याने भागा, चाकाच्या घेराने गुणा. उत्तर दीड मीटरच्या आत आले तर ती सायकल आपल्या घाटीची. ब्रेक तपासा, कारण गियर वर चढवतो, पण ब्रेकच सुखरूप खाली आणतो. मग पैसे मोजा. भागाकार दुकानदाराने नाही केला तरी चालेल. बरोबर आलेल्या मुलीला करू द्या. रोज त्या चढावर पायडल तीच मारणार आहे.